विझलेला दिवा खरंच विझलाय का? घरातल्या दिव्यांच्या वायरिंगची पहिली ओळख

आषाढातल्या एका रात्री आईने मला हाक मारून पडवीत बोलावलं. बटण बंद होतं, तिने स्वतःच बंद केलं होतं, आणि तरीही वाशाला लावलेला एलईडी बल्ब मिणमिणत होता. त्याला उजेड म्हणता आला नसता. काळोखात मांजराचा डोळा दिसावा एवढंच. मी बटण दोनदा खाली-वर केलं. चालू केलं की लख्ख, बंद केलं की परत तीच मिणमिण. "बल्ब गेला असेल," आई म्हणाली. बल्ब बदलला. नवाही तसाच.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं घर चिऱ्यांचं, कौलारू. वायरिंग आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून केलेलं, आणि पुढे ज्याला जसं लागलं तसं वाढवलेलं. दुसऱ्या दिवशी वायरमनकाका आले. बोर्ड उघडून टेस्टर लावला आणि म्हणाले, "बटण न्यूट्रलवर बसवलंय. तुमचा दिवा इतकी वर्षं कधी बंदच होत नव्हता."

हे वाक्य नीट समजलं, तर दिव्यांचं अर्धं वायरिंग समजलं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घरात येणाऱ्या विजेच्या दोन मुख्य वायरी असतात, फेज आणि न्यूट्रल. फेजमध्ये दाब असतो, आपल्याकडे २३० व्होल्टचा. न्यूट्रल ही परतीची वाट. ती ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून तिच्यात आणि आपण उभे असतो त्या जमिनीत दाबाचा फरक जवळजवळ नसतो. फेजमधून निघालेला करंट दिव्यातून जाऊन न्यूट्रलने परत गेला की दिवा लागतो. वाट कुठेही तुटली की विझतो. बटणाचं काम एवढंच, ही वाट तोडणं आणि जोडणं.

मग ती वाट फेजमध्ये तोडली काय आणि न्यूट्रलमध्ये तोडली काय, दिवा विझणारच की! विझतो, पण दोन्हीत फार मोठा फरक आहे. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाटाचं पाणी सोडलेलं पाहिलं असेल तर तो लगेच कळेल. पाटाच्या तोंडाशी माती घालून पाणी अडवलं, तर पुढचा सगळा पाट कोरडा पडतो. तीच माती शेवटच्या टोकाला घातली, तर पाणी वाहायचं थांबतं, पण पाट काठोकाठ भरलेला राहतो. जिथे काठ फुटेल तिथून पाणी बाहेर येणार. बटण फेजवर असेल तर बंद केल्यावर होल्डरपर्यंतची वायर कोरडी. न्यूट्रलवर असेल तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. ओल्या स्टुलावर चढून, बटण बंद आहे या भरवशावर कोणी बल्ब काढायला हात घातला, तर काठ फोडण्याचं काम त्याचं बोट करतं.

आमच्या पडवीत पावसाची दमट हवा, जुनी वायर आणि ओली भिंत यांतून अगदी थोडा करंट झिरपत होता. जुन्या पिवळ्या बल्बची तार तेवढ्याने तापायची नाही, म्हणून कोणाला कधी कळलं नाही. एलईडीला मात्र तेवढा झिरपाही पुरतो. दोष तीसेक वर्षांचा असेल, नव्या बल्बने तो दाखवला. अर्थात मिणमिणणारा प्रत्येक एलईडी हेच सांगतो असं नाही. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल, तर त्याच्यातून जाणाऱ्या करंटनेही असं होतं. लांबच लांब वायरी एकमेकींना चिकटून गेल्या असतील तरी होतं. पण इंडिकेटर नाही आणि घर जुनं आहे, तर बोर्ड एकदा उघडून बघून घ्यावाच.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. फेज आधी बटणाकडे, बटणातून दिव्याकडे. न्यूट्रल बटणाला न शिवता थेट दिव्याकडे. आट्यांचा होल्डर असेल तर त्यात अजून एक बारकावा. बटणातून आलेली फेज होल्डरच्या तळाशी मधोमध असलेल्या टोकाला जोडायची आणि न्यूट्रल बाजूच्या आट्यांना. उलटं झालं, तर बल्ब फिरवताना बोट लागण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, त्याच धातूच्या आट्यांत फेज येते. दोन पिनांच्या खटक्याच्या होल्डरमध्ये हा प्रश्न येत नाही.

वायरीचे रंग आणि जाडी

आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग, म्हणजे सुरक्षेसाठी जमिनीत नेलेली वायर, हिरवी. फेजचे तीन रंग का, तर विजेच्या खांबावरून तीन फेज येतात आणि प्रत्येकीला आपला रंग. इथे नवशिक्यांचा एक घोटाळा होतो. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी लाइटच्या फिटिंगना आधीच जोडलेली वायर तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असते. त्यात तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे फिटिंगमधली निळी न्यूट्रल आणि भिंतीतली निळी कदाचित फेज! निळ्याला निळी जोडून मोकळं होऊ नका. जुन्या घरात तर रंगावर अजिबात जाऊ नये. त्या दिवशी हाताशी जी गुंडाळी होती ती वापरलेली असते. आमच्या माजघरात तिन्ही वायरी लाल निघाल्या.

जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. दुकानात नुसतं "दीडची" म्हटलं की समजतात. दिव्या-पंख्यांना दीडची, नेहमीच्या पॉवर प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची, अशी साधारण पद्धत आहे. वायर तांब्याची, आयएसआय छापाची घ्यावी. आग लागली तर लवकर न पेटणारं आवरण असलेली मिळते, तीच घ्यावी. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नका. दमट हवेत या दोन धातूंचा सांधा कुजतो, सैल होतो आणि तापतो. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत तर नुसतं तांबंही हिरवं पडतं. पेडण्याकडच्या एका नातलगांच्या घरी मी बोर्ड उघडला, तेव्हा स्क्रूखालच्या तारेवर चिंचेने न घासलेल्या भांड्यावर चढते तशी हिरवट पूड होती, आणि शेजारचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. सैल स्क्रू आणि गंजकी तार एवढ्यानेच ते झालं होतं. त्या बोर्डावर लोड फारसा नव्हता.

लोडचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर. ९ वॅटचा एलईडी भागिले २३०, म्हणजे ०.०४ अँपियर. असे दहा दिवे लावले तरी अर्धा अँपियर होत नाही. मग दीडची वायर कशाला, ती तर १० अँपियर आरामात नेते? कारण त्याच सर्किटवर, म्हणजे एकाच फ्यूजमागच्या वायरींवर, पंखे असतात, बोर्डावरच्या छोट्या सॉकेटला उद्या कोण काय लावेल सांगता येत नाही, आणि फार बारीक वायर पाइपातून ओढताना तुटते. आपल्याकडची जुनी रीत अशी आहे की दिवे, पंखे आणि छोटे सॉकेट मिळून एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि एकूण लोड ८०० वॅटच्या वर जाऊ नये. ही रीत पिवळ्या बल्बच्या काळातली असली तरी मला अजूनही शहाणपणाची वाटते. घरातले सगळे दिवे एकाच सर्किटवर असतील, तर एका दोषाने सगळं घर काळोखात जातं.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही

या भागावर जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

पूर्वी चिनी मातीच्या कटआऊटमध्ये फ्यूजची तार असायची. आता तिथे एमसीबी आला. दिव्यांच्या सर्किटला ६ किंवा १० अँपियरचा लावतात. वायर झेपेल त्याहून जास्त करंट वाहायला लागला, किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना चिकटले, की तो पडतो आणि वायर जळायची वाचते. म्हणून एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा असतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी २० किंवा ३२ चा लावणारे लोक मी पाहिले आहेत. पडण्याचं कारण तसंच राहतं आणि आता एमसीबीच्या आधी वायर तापते. कौलारू घरात ती वायर सुक्या लाकडाच्या वाशावरून गेलेली असते, हे विसरू नका.

आता माणसाचं बघू. ओला हात, ओली जमीन, अनवाणी पाय अशा वेळी अंगाचा विरोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टने अंगातून जाणारा करंट ०.२३ अँपियर होतो. ६ अँपियरच्या एमसीबीच्या दृष्टीने हे काहीच नाही. त्याला वाटेल एखादा पंखा चालू झाला. माणसाच्या हृदयाला मात्र याच्या कितीतरी कमी करंट घातक ठरू शकतो. म्हणून आरसीसीबी लागतो. तो फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, हे सतत ताडून बघतो. दोन्ही सारखे असले तर ठीक. ३० मिलिअँपियर, म्हणजे ०.०३ अँपियरचा फरक पडला, तर कुठूनतरी करंट जमिनीत पळतोय असं समजून सेकंदाच्या एका अंशात तो सगळं तोडतो.

आणि अर्थिंग? ट्यूबलाइटची धातूची पट्टी, झुंबर, पितळी लामणदिव्यात बसवलेला बल्ब, अशा धातूच्या वस्तूंना हिरवी वायर जोडायची, म्हणजे आत फेज सुटून धातूला लागली तर करंट आपली वाट न बघता खड्ड्यातल्या पाइपाने मातीत जाईल. ही वाट चांगली असेल तर उत्तमच. पण आपली जमीन चिऱ्याची. जांभा पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होतो आणि कोरडी माती करंट नीट नेत नाही. समजा त्या वाटेचा विरोध ५० ओहम झाला. २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपियर. ६ अँपियरचा एमसीबी हे निमूटपणे चालू ठेवेल आणि ट्यूबलाइटची पट्टी 'करंट मारत' राहील. तेच ४.६ अँपियर आरसीसीबीच्या मर्यादेच्या दीडशे पट आहेत. तो क्षणात पडेल. अर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर खोल असावा, भोवती कोळसा-मीठ घातलेलं असावं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खड्ड्यात चार कळशा पाणी ओतावं, हे तर करायचंच. पण चिऱ्याच्या जमिनीत आरसीसीबीशिवाय घर ठेवू नका, हे माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला बगल देऊन थेट जोडणी करून घेणारी घरं आहेत. त्या घरांत माझा जीव टांगणीला लागतो. तो पडतो कारण खरोखर कुठेतरी ओल आहे: बाहेरच्या दिव्यात पाणी गेलंय, भिंतीतला पाइप भरलाय, बोर्डात हुमल्यांनी (लाल मुंग्यांनी) घर केलंय किंवा पाल चिकटलीय. शोधायची पद्धत अशी: सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने पडेल ते सर्किट दोषी. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर बहुतेक कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले आहेत. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलंच राहतं, म्हणून असं होतं. अजून एक नेहमीचं कारण म्हणजे नवीन पॉइंट काढताना फेज एका आरसीसीबीची आणि न्यूट्रल जवळ सापडलं म्हणून भलत्याच सर्किटचं घेणं. गेला तो करंट एका वाटेने, आला दुसऱ्या, आणि आरसीसीबीचा हिशेब चुकला. ओल नाही, पाल नाही, तरी दिवा लावताक्षणी पडतो, तेव्हा हे आठवा.

दोन बटणं, एक दिवा

राजांगणातला दिवा सोप्यातून लावायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून बंद करायचा, किंवा जिन्याचा दिवा वर आणि खाली दोन्हीकडून चालवायचा, यासाठी टू-वे स्विच लागतो. त्याला तीन स्क्रू असतात. मधला स्क्रू सामायिक; बटण दाबलं की तो एकदा वरच्याशी, एकदा खालच्याशी जोडला जातो. पहिल्या बटणाच्या मधल्या स्क्रूला फेज. दुसऱ्या बटणाच्या मधल्या स्क्रूतून दिव्याकडे. आणि दोन्ही बटणांचे वरचे स्क्रू एका वायरने, खालचे दुसऱ्या वायरने जोडलेले. म्हणजे दोन गावांमध्ये दोन रस्ते. दोन्ही बटणं एकच रस्ता दाखवत असतील तर दिवा लागेल, वेगवेगळे दाखवत असतील तर विझेल. कोणतंही बटण कधीही हलवलं तरी स्थिती उलटी होते. कागदावर पेन्सिलीने एकदा काढून बघा, पाच मिनिटांत डोक्यात बसेल.

बोर्डाला हात लावण्याआधी

बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बिघडलेलं बटण तसंच नवं घालून बदलणं आपण करू शकतो. नवा पॉइंट काढणं, वायर वाढवणं, सर्किट बदलणं हे परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फतच करून घ्यावं लागतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही अट चालत आली आहे. मग हे सगळं शिकायचं कशाला? वायरमनने केलेलं काम आपल्याला वाचता यावं म्हणून. आमच्या पडवीतली चूक करणाराही कामाचाच माणूस होता, त्या दिवशी बाजूला उभं राहून "बटण फेजवर घेतलंत ना?" असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

बटण बदलायचं असेल तरी मेन बंद करा, नुसतं बटण नव्हे. आणि इन्व्हर्टर आठवा. पावसात लाइट जाते म्हणून आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने त्याच वायरींमध्ये २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद, एमसीबी बंद, तरी दिव्याच्या बोर्डात फेज जिवंत! आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करायचा, मग मेन, आणि डीबीपाशी, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपाशी, घरातलं एक माणूस उभं ठेवायचं, म्हणजे कोणी भाबडेपणाने वर करणार नाही.

त्यानंतर टेस्टर. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटला लावून पेटतो का बघा, मग बंद केलेल्या वायरीला, मग परत चालू सॉकेटला. सॉकेट चालू हवं, म्हणून पहिली तपासणी मेन पाडण्याआधी आणि शेवटची वीज परत आल्यावर. मधल्या वेळी टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं धरायला तरीही मन धजावत नाही. भर उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, आणि पायात जाड रबरी चप्पल असेल तर नीट पेटतही नाही. म्हणून मी साधा मल्टिमीटर वापरतो. वीज चालू असताना फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट, असं दिसलं की ते सर्किट ठीक. फेज-अर्थ फारच कमी दिसला तर अर्थिंग तुटलेलं आहे. आणि काम सुरू करताना तिन्ही जोड्यांत शून्य.

चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, बांधली की तिच्यावर लाइटच्या माळा सोडण्याची हौस सगळ्यांनाच असते. माटोळी ओल्या पानाफळांची, बांधलेली बहुतेक तारेने. माळेची बारीक वायर त्या तारेला घासली तर सगळी माटोळी जिवंत होऊ शकते. माळ वेगळ्या दोरीला बांधा, सांधे पट्टीने झाका आणि ती आरसीसीबीमागच्याच सॉकेटला लावा.

वायरमनकाकांनी आमच्या पडवीचं काम अर्ध्या तासात केलं. बोर्डातल्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि बाकीची बटणंही एकेक करून तपासली. न्यूट्रलवरची अजून तीन निघाली. ती सरळ झाल्यावर आम्ही दोघांनी डीबीचं झाकण उघडून आत एक कागद चिकटवला. कोणत्या एमसीबीवर कोणत्या खोलीचे दिवे, कोणत्या सर्किटवर इन्व्हर्टर, अर्थिंगचा खड्डा कुठे, आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण शेवटचं कोणत्या तारखेला दाबलं. ते बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबल्यावर आरसीसीबी पडला नाही, तर तो बदलायचा. शेवटच्या रकान्यात आता आईच्या अक्षरात तारखा आहेत.